बुरसटलेला दाणा आणि आपलं यकृत

भिलाईच्या कारखान्याची हद्द ओलांडली की दुर्ग जिल्ह्याची भातशेती सुरू होते. इथला भात दिवाळीच्या आगेमागे कापला जातो, आणि त्याच सुमारास अवकाळी पाऊस आला की खळ्यावरची पोती भिजतात. सरकारी खरेदीत भातात 17 टक्के ओलावा चालतो. महिनोन्‌महिने टिकवायचा तर तो 14 टक्क्यांच्या आत आणावा लागतो. मधल्या तीन टक्क्यांत बुरशीचं फावतं.

त्यातली सर्वांत वाईट अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, पिवळसर हिरवी. मका आणि शेंगदाण्यावर ती जास्त, तांदळावर कमी. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी-1. वरची बुरशी पुसली तरी ते दाण्यात राहतं, आणि साध्या शिजवण्यानं पुरतं जात नाही.

घास पोटात गेल्यावर हे विष लहान आतड्यातून सहज रक्तात उतरतं. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा मारा यकृतावर होतो. तिथली सायटोक्रोम पी-450 नावाची विकरं परक्या रेणूला ऑक्सिजन जोडतात, म्हणजे तो पाण्यात विरघळून बाहेर टाकता येतो. एरवी ही फार उपयोगी सोय. इथे मात्र तीच अंगाशी येते.

ऑक्सिजन एका जागी जोडला गेला तर अफ्लाटॉक्सिन एम-1 तयार होतं. ते मूळ विषापेक्षा सौम्य असतं आणि लघवीवाटे जातं. दुभत्या गाईच्या किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही ते उतरतं. म्हणून दुधातल्या एम-1 ची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे. ऑक्सिजन दुसऱ्या जागी जोडला गेला तर इपॉक्साइड होतं. त्याचं आयुष्य जेमतेम सेकंदभर, पण तेवढ्यात ते समोर येईल त्याला चिकटतं. पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूनं त्याला आधी गाठलं तर निभावलं. दोघं मिळून पित्त आणि लघवीतून निघून जातात. प्रयोगशाळेतले छोटे पांढरे उंदीर या कामात इतके तरबेज असतात की त्यांना हे विष फारसं बाधत नाही. माणसाचं यकृत तितकं चपळ नाही.

ग्लुटाथायोनच्या तावडीतून सुटलेलं इपॉक्साइड पेशीतल्या डीएनएच्या ग्वानिनला जाऊन बिलगतं. पेशी तो तुकडा बहुतेक वेळा कापून टाकते, आणि तो लघवीत सापडतो. दुरुस्ती राहून गेली तर पी-53 या राखणदार जनुकात बिघाड होतो, आणि यकृताच्या कर्करोगाची वाट तिथून सुरू होते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो.

हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट चालतं. डोस प्रचंड असेल तरच ते लगेच दिसतं. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात भिजलेला मका खाऊन 397 जणांना कावीळ झाली, पोटात पाणी साठलं; 106 दगावले. गावातली कुत्रीही मेली. त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम विष सापडलं; धान्यासाठी आजची मर्यादा 15 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ते चारशे ते हजार पट होतं.

छत्तीसगडच्या कोदो या भरडधान्यातलं विष वेगळं. त्यावरच्या बुरशीचं सायक्लोपियाझोनिक आम्ल स्नायूंच्या पेशींतला कॅल्शियमचा पंप अडवतं. गुंगी आणि थरथर काही तासांतच जाणवते. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस शेजारच्या बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले, ते याच कोदोनं.

म्हणून धान्य कडकडीत वाळवून भरा. काळे, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून फेका. वाया जातील म्हणून गाईपुढे टाकू नका, ते दुधातून घरात परत येतात. आणि घरात बाळ जन्मलं की हिपॅटायटिस बी ची पहिली लस 24 तासांच्या आत टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.