शोवाची शंभरी आणि राखून ठेवलेला पाट

२०२५ साल म्हणजे जपानच्या जुन्या हिशेबाने 'शोवा १००', ही बातमी त्या जानेवारीपासून फिरत होती आणि तिच्या मागोमाग 'वायटूके परत आलं' हा बागुलबुवाही. मला तो जरा फुगवलेला वाटतो. पण मूळ दुखणं खरं आहे. १९८९ मध्ये शोवा युगाचे सम्राट हिरोहितो गेले, हेइसेइ युग आलं, तेव्हा काही जुन्या प्रणाली आतल्या आत शोवाच मोजत राहिल्या. फक्त छापताना हेइसेइ करून द्यायच्या. वर्षाला जागा दोनच आकड्यांची. ९९ नंतर तिथे ००.

नवखा प्रोग्रामर सूत्र पाठ करतो: सध्याच्या रेइवा युगाच्या वर्षात २०१८ मिळवा, हेइसेइच्या १९८८, शोवाच्या १९२५, की इसवी सन मिळालं. उलट निघालात की फसलात. २०१९ हे कुठलं वर्ष? ३० एप्रिलपर्यंत हेइसेइ ३१, १ मेपासून रेइवा १. युग बदलतं सम्राटाबरोबर, वर्षाचा आकडा मात्र १ जानेवारीला. त्यामुळे शोवाचं पहिलं वर्ष ७ दिवसांचं, २५ ते ३१ डिसेंबर १९२६. आणि शेवटचं, चौसष्टावं, तेही ७ दिवसांचंच. आपला राज्याभिषेक शकही सिंहासनापासूनच मोजलेला, पण त्याचं वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाच पालटतं. असले तुकडे पडत नाहीत.

म्हणून नुसती बेरीज-वजाबाकी नको, तारखांचा तक्ता हवा, आणि तोही कोडच्या बाहेर. विंडोज युगांची यादी रजिस्ट्रीत ठेवतं, ते याचसाठी. जावातली 'जॅपनीजडेट' १ जानेवारी १८७३च्या मागे जायला साफ नकार देते. मेइजी ६च्या त्या पहिल्या दिवसापासून जपानने ग्रेगोरियन कालगणना धरली. त्याआधीचे महिने चंद्राचे. मला हा नकार आवडतो. चुकीची तारीख बिनदिक्कत छापण्यापेक्षा बरा. जावास्क्रिप्टमध्ये भाषेच्या खुणेला 'यू-सीए-जॅपनीज' एवढं शेपूट जोडलं की तारीख जपानी युगात छापून मिळते.

तारीख वाचून घेताना मात्र फार कडक राहून चालत नाही. २०१६च्या सुमारास दिलेल्या वाहन परवान्यांवर मुदत छापलेली होती 'हेइसेइ ३३'पर्यंत. असं वर्ष कधी उजाडलंच नाही, पण परवाना खरा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने म्हणूनच डीफॉल्ट धोरण सैल ठेवलं: हेइसेइ ३३ दिसलं की मुकाट्याने २०२१ समजायचं. शिवाय पहिल्या वर्षाला '१' न लिहिता 'गान्नेन' लिहायची रीत आहे, तीही सांभाळायची.

या सगळ्यात माझी लाडकी गोष्ट एका अक्षराची. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ या प्रत्येक नावाची दोन अक्षरं एकाच चौकटीत बसवलेलं एकेक चिन्ह युनिकोडमध्ये आहे. नव्या युगाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाच त्याच्यासाठी ३२एफएफ हा क्रमांक राखून ठेवला गेला. पंगतीत पाट मांडलेला, पाहुणा कोण ते माहीत नाही! १ एप्रिल २०१९ला नाव जाहीर झालं आणि युनिकोडची १२.१ ही आवृत्ती निघाली, त्या एकाच नव्या चिन्हासाठी. तारीख होती ७ मे, रेइवाचा सातवा दिवस.