‘टॉल’ कोण आणि ‘हाय’ कोण?

माझा चुलत दीर मूळचा सांगलीचा. हिंजवडीत नवीनच जॉबला लागला होता, तेव्हाची गोष्ट. टीम लंचला मोबाइलवर घरच्यांचे फोटो दाखवताना तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, ‘माय ब्रदर इज व्हेरी हाय!’ टेबलावर दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी विचारलं, ‘भर दुपारी?’ भाऊ बिचारा सहा फुटी, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा! संध्याकाळी मला फोन. ‘वहिनी, उंचला टॉल म्हणायचं की हाय? एकदा काय ते फायनल सांगा.’

फायनल सांगणं इतकं सोपं नाही, बॉस. कारण आपला ‘उंच’ हा शब्द ऑलराउंडर आहे. मुलगा उंच, डोंगर उंच, भिंत उंच, झोका उंच, आवाजाची पट्टीही उंच. इंग्रजीवाल्यांनी मात्र हे खातं दोघांत वाटून दिलंय. ‘टॉल’ म्हणजे स्वतःच्या पायापासून स्वतःच्या डोक्यापर्यंतचा हिशेब. माणसं, झाडं, जिराफ, साखर कारखान्याची चिमणी. जे उभं आहे आणि रुंदीपेक्षा उंचीलाच जास्त आहे ते टॉल. ‘हाय’मध्ये प्रश्न वेगळा असतो. ती वस्तू, किंवा तिचं वरचं टोक, खालपासून किती वर आहे? म्हणून डोंगर हाय, छत हाय, कंपाउंडची भिंत हाय, पंखा हाय आणि पंख्यावर बसलेली चिमणीसुद्धा हाय. (कारखान्याची चिमणी टॉल, पंख्यावरची हाय. मराठीची गंमत!)

लक्षात ठेवायला सोपा फंडा मॉलमध्ये मिळतो. हाय हील्स घातल्या की तुम्ही टॉल दिसता. टाच तुम्हाला वर उचलते म्हणून ती हाय, आणि एकूण लांबलचक आकृती झाली म्हणून तुम्ही टॉल. उलटं करून बघा, जमत नाही. कॉफी शॉपमधल्या बोर्डावर मात्र विश्वास ठेवू नका. स्टारबक्समध्ये ग्रांदे आणि व्हेंटी यांच्यापुढे ‘टॉल’ कपच लहान असतो!

माझं माहेर सातारा, सासर सांगली. दोन्ही कृष्णेकाठची, पण उंचीच्या बाबतीत एकदम वेगळी. सातारकर मान वर करून बोलतो, सांगलीकर नदीकडे बघत. त्यामुळे दिराची शिकवणी मी घरच्याच उदाहरणांवर घेतली.

कासचं पठार घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांतली ही एक. हे पठार हाय आहे, पण त्याला टॉल म्हणाल तर हसू होईल. ते तर आडवं पसरलंय! त्यावरची फुलं बहुतेक घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी. म्हणजे शॉर्ट फुलं, हाय जागी. आणि आमच्या सांगलीकडचा ऊस? डोक्याच्या वर गेलेला, आत शिरलेला माणूस दिसत नाही इतका टॉल. उभा मात्र नदीकाठच्या सखल रानात.

अजिंक्यताऱ्याची उंची पुस्तकात वाचाल तर सुमारे 3300 फूट. पण साताऱ्यातून सकाळी वॉकला वर जाणारी मंडळी काही 3300 फूट चढत नाहीत. शहरच 742 मीटरवर वसलंय. पायांनी चढायचा भाग त्या आकड्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मग अजिंक्यतारा किती उंच? कुठून मोजताय त्यावर आहे.

हीच भानगड जगातल्या सगळ्यात उंच पर्वताबाबतही आहे. एव्हरेस्ट 8849 मीटर, तो ‘हाएस्ट’. पण हवाईतला मौना केआ समुद्राच्या वर जेमतेम 4200 मीटर दिसतो आणि त्याचा पायथा खोल पाण्याखाली आहे. तिथपासून शेंड्यापर्यंत मोजलं तर 10,000 मीटरच्या वर जातो. त्यामुळे ‘टॉलेस्ट’चा मान अनेकदा त्याला देतात. दोघंही पहिले, कारण शर्यतीच दोन आहेत.

काही ठिकाणी दोन्ही शब्द चालतात. बिल्डिंग टॉलही असते आणि हायही. गवताचं आणि धबधब्याचंही तेच. तिथे डोकं शिणवू नका, कानाला बरं वाटेल ते म्हणा. माणसाला मात्र हाय म्हणू नका, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. ‘शी इज हाय अँड फेअर’ असा बायोडेटा कुणी पाठवला तर स्थळ हातचं जायचं!

आता मराठी गरीब आहे असं समजू नका हं. ‘उंच’ आणि ‘उंचावर’ हा फरक आपल्याकडे आहेच. मुलगा उंच आहे, मुलगा उंचावर आहे. दुसऱ्यात तो झाडावर चढलाय हे लगेच कळतं. शिवाय मोजायला आपल्याकडे अख्खं शरीर आहे. घोटाभर पाणी, गुडघाभर चिखल, कमरेएवढं गवत, दोन पुरुष खोल विहीर. पुरात सांगलीकर फुटपट्टी शोधत नाही, ‘छातीला लागलं’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सगळं समजतं. आणि उंची अत्तर, उंची साडी हा तर बोनस. तिथे उंची थेट खिशाला लागते.

पण एका ठिकाणी हा ऑलराउंडर शब्द आपल्याला खरंच गोत्यात आणतो. ‘अलमट्टीची उंची 524 मीटर करणार’ ही हेडलाइन तुम्हीही वाचली असेल. एका कलीगनं ती वाचून मला विचारलं, ‘अगं, अर्धा किलोमीटर उंच धरण? बांधणार कसं?’ तो मस्करी करत नव्हता. कर्नाटकातलं हे धरण स्वतः 50 मीटरच्या आसपासच टॉल आहे. 524 हा धरणाच्या बांध्याचा आकडा नाही, पाण्याच्या पातळीचा आहे, तोही समुद्रसपाटीपासून. सध्याची पातळी 519.60 मीटर. कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 च्या निवाड्यात ती 524.256 मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली. म्हणजे वाढ साडेचार मीटरहून थोडी जास्त, 15 फुटांच्या आसपास.

‘एवढंच?’ असं म्हणून पेपर मिटू नका. 524 ऐकून घाबरणारा जसा चुकतो, तसा 15 फूट ऐकून निवांत होणाराही. कारण सांगलीसाठी भिंत किती टॉल आहे हा मुद्दाच नाही. पाणी किती हाय उभं राहणार, त्याचा फुगवटा नदीतून मागे कुठवर येणार आणि पुराचं पाणी ओसरायला किती वेळ लागणार, हा मुद्दा आहे. सांगलीच्या पट्ट्यात नदीला उतार कमी, त्यामुळे पातळीतला फरक मागे लांबवर जाणवू शकतो, ही इथली भीती. महाराष्ट्राचा उंची वाढवायला विरोध आहे. दुसरीकडे, 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. आमच्या गल्लीत हा विषय निघाला की चहा गार होतो, पण वाद संपत नाही. माझं म्हणणं इतकंच, की वाद घालणाऱ्या दोघांच्या हातात निदान एकच आकडा असावा. बातमीत ‘पाणीपातळी’ लिहायला असा कितीसा वेळ लागतो?

साताऱ्याकडे हा गोंधळ होत नाही. कोयना धरणाची भिंत 103 मीटर टॉल. ते पूर्ण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांवर पोचतं. पेपरात रोज ‘पाणीपातळी’ असंच छापतात, त्यामुळे धरण 2163 फूट उंच आहे असं पाटणमधलं शाळकरी पोरही समजत नाही. सांगलीची फूटपट्टी मात्र वेगळी. 1929 च्या आयर्विन पुलापाशी नदीच्या पातळीचे फूट मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2005 मध्ये पाणी 53 च्या वर गेलं होतं, 2019 मध्ये 57 च्याही वर.

पावसाळ्यात माझ्या फोनवर हे दोन्ही आकडे रोज येतात. सकाळी साताऱ्याहून आई, ‘कोयना 2150 झाली गं, दरवाजे उघडतील बहुतेक.’ रात्री सासूबाई, ‘पुलाजवळ 36 झालंय. खालच्या खोलीतलं धान्य वर माळ्यावर टाकलंय, तुम्ही काळजी करू नका.’