रस्त्यावरचे सौजन्य कायद्यात आहे. ते तपासणार कोण?

झाशी : श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिल्चर हे देशाच्या चार टोकांना जोडणारे दोन महामार्ग झाशी येथे एकमेकांना छेदतात. नागपूरहून दिल्लीकडे निघालेला मालट्रक आणि कानपूरहून शिवपुरीकडे जाणारी बस याच परिसरातून पुढे जाते. त्यांच्यात स्थानिक ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ई-रिक्षा आणि दुचाक्या मिसळतात. लांब पल्ल्याच्या चालकाला वेग कमी करायचा नसतो, तर स्थानिक चालकाला दुभाजकातील पुढच्या वळणापर्यंतचा वळसा नको असतो. शहरातील इलाईट चौक असो की खंडेराव दरवाजाजवळचे जुने अरुंद रस्ते, ‘आधी मी’ हाच अलिखित नियम झाल्याची सामान्य नागरिकांची भावना आहे.

ही चीड केवळ शिष्टाचाराची नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी 22,595 मृत्यू एकट्या उत्तर प्रदेशातील असून हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता.

दुसऱ्याची गैरसोय करणारे वाहन चालवणे हा मुळात कायद्याचाच भंग आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनी इतरांना अडथळा होणार नाही अशा रीतीने वाहन चालवणे आणि उभे करणे चालकावर बंधनकारक केले आहे. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्यही त्यांत नमूद आहे. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे.

दंडाची तरतूदही कमी नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार उलट दिशेने वाहन चालवणे, लाल दिवा तोडणे आणि चालवताना मोबाइल हातात धरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यासाठी 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रुग्णवाहिकेची वाट अडवल्यास 10,000 रुपये, तर विनाकारण हॉर्न वाजवल्यास 1,000 रुपये दंड आहे.

अडचण पकडण्याची आहे. लाल दिवा तोडणारा कॅमेऱ्यात सापडतो. समोरच्याचे डोळे दिपवत ‘अप्पर’वर दिवे ठेवणारा सापडत नाही. ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची सूचना वर्षानुवर्षे रंगवली जाते, पण तिच्या अंमलबजावणीची नोंद कुठेच होत नाही.

परवान्याच्या चाचणीतही हीच उणीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 15 व्या नियमानुसार उमेदवाराला सावधपणे ओव्हरटेक करणे, मागच्याला पुढे जाऊ देणे आणि पादचारी मार्गावर योग्य वागणे आले पाहिजे. मात्र बंदिस्त मैदानात आठचा आकडा काढताना समोर ना दुसरे वाहन असते, ना पादचारी. ज्याच्याशी सौजन्याने वागायचे तोच चाचणीत गैरहजर असतो.

त्यामुळे केवळ दंड वाढवून भागणार नाही. चाचणीचा काही भाग रहदारीच्या रस्त्यावर होणे आवश्यक आहे. उलट दिशेच्या वाहतुकीबाबत तर दोष चालकाचाच असतो असे नाही. दुभाजकातील वळण दोन-तीन किलोमीटर दूर असेल आणि सेवा रस्ता नसेल, तर गावकरी रोज तोच धोका पत्करतो. अशा ठिकाणी भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता हाच प्रभावी उपाय ठरतो.

सवयीच्या बेफिकीर चालकांसाठी 2019 च्या कायद्यातच दोन तरतुदी आहेत. तडजोडीच्या रकमेसोबत समाजसेवा करायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला आहे. तसेच परवाना निलंबित झालेल्या चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच तो परत मिळू शकतो. त्यासाठी प्रशिक्षणाची सोय जिल्हा पातळीवर, चालकाच्या आवाक्यात असावी लागेल.