पंचवीस डॉलरचा उलटा प्रवास

सॅन फ्रान्सिस्को येथे २००५ मध्ये मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी स्थापन केलेल्या ‘कीवा’ या ना-नफा संस्थेने, जगातील कोणालाही युगांडातील एखाद्या लहान व्यावसायिकाला अवघे २५ डॉलर बिनव्याजी उसने देता येतील अशी सोय केली; निदान तसा समज तरी रूढ झाला. वस्तुतः कर्जाची रक्कम बहुधा आधीच वाटलेली असते. सूक्ष्मवित्त संस्था, म्हणजे तारण ठेवण्याजोगे काही नसलेल्यांना छोट्या रकमा देणारी स्थानिक संस्था, कर्जदार निवडते, त्याला पैसे देते आणि मागाहून कीवाच्या संकेतस्थळावर त्याच्या छायाचित्राखाली जमलेल्या निधीतून आपली तिजोरी पुन्हा भरते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी २००९ मध्ये हे उघड मांडल्यावर कीवाने आपल्या कामाचे वर्णन बदलले, हे तिच्या श्रेयाचेच म्हणावे लागेल.

दात्याला व्याज मिळत नसले तरी कर्जदार बहुधा ते भरतोच, कारण चौकशी, नोंदी आणि हप्तेवसुली यांचा खर्च रकमेच्या प्रमाणात घटत नाही आणि म्हणूनच छोटे कर्ज टक्केवारीत महाग पडते.

अशा छोट्या कर्जांचा कर्जदारांना कितपत उपयोग होतो हे तपासणाऱ्या, भारत, मोरोक्को, बोस्निया यांसह सहा देशांतील यादृच्छिक चाचण्यांचे, म्हणजे कर्जाची संधी कोणाला द्यायची हे सोडतीने ठरवून केलेल्या तुलनांचे, निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले; त्यांत काही ठिकाणी व्यवसाय विस्तारल्याचे दिसले, परंतु कुटुंबांच्या सरासरी उत्पन्नात कायापालट घडल्याचे आढळले नाही.