जुन्या रायफलीची नळी कशी वाचावी?

दसऱ्याच्या शस्त्रपूजेला पुण्यातल्या काही घरांत कपाटातली रायफल बाहेर येते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. त्यानंतर अनेक रायफली झाडल्याच गेलेल्या नाहीत. परवाना वारसाच्या नावावर होतो आणि मला ठरलेला प्रश्न विचारला जातो : ‘‘बाहेरून लखलखीत आहे, चालेल ना?’’ याचे उत्तर नळीच्या आत असते.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) .३०३ची काडतुसे होत. त्या पिढीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसे. हे मिठाचेच भावंड. हवेतला ओलावा ओढून घेते, पाण्यात विरघळते, तेलात मात्र नाही. म्हणून नुसते तेल फिरवून ठेवलेली नळी पुण्याच्या पावसाळ्यात तेलाखालीच गंजते. ब्रिटिश फौजेत नळीतून उकळते पाणी ओतत, ते याचसाठी.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे बोल्ट उघडून, मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करणे. मग नळी पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण वंगण खड्डे लपवते. एका टोकाशी पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकाने पाहिले की आटे दिसतात; ली-एनफिल्डमध्ये ते बहुधा पाच असतात. त्यांच्या कडा बोथट असतील किंवा मधे गंजाचे बारीक ठिपके असतील, तर नेम बिघडेल. तेवढ्याने नळी फुटत नाही.

धोका दिसतो तो दोन ठिकाणी. नळीत गोल कड्यासारखी काळी सावली दिसली, तर तिथे फुगवटा आहे. कधीतरी नळीत काही अडकलेले असताना बार झाला असावा. अशी नळी बाद. दुसरे ठिकाण चेंबर. दाब सर्वांत जास्त असतो तो इथेच, आणि झाडणाऱ्याचा गाल तिथून वीतभरावर. इथल्या खड्ड्यांत पितळी काडतूस रुतते, फाटते आणि तप्त वायू मागे येतो.

बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट डोळ्यांना कळत नाही. ती गेजनेच मोजावी लागते. .३०३मध्ये .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, .०७४च्या गेजवर मिटता कामा नये. केसासारखी चीर तर नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही.

म्हणून घरच्या तपासणीतून ‘बाद’ हा निकाल देता येतो, ‘सुरक्षित’ हा नाही. तो परवानाधारक कारागिराने गेज लावून द्यावा. ‘एकच बार हवेत काढून पाहू’ हा तर उपायच नव्हे : २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेला गोळीबार हा शस्त्र कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, आणि फुगलेल्या नळीला तो एकच बार पुरतो.