लांब म्हणजे किती लांब?

मंडळी, ‘लांब’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. पण लांबपणा हा जागेचा गुण की आपल्या समजुतीचा? आज आपण हा प्रश्न दोन गावांवर तपासून पाहू.

एक गाव अलास्काच्या उत्तर टोकाचं, उत्कियाग्विक. जुन्या नकाशांत त्याचं नाव बॅरो. दुसरं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन. भिंतीवरच्या नकाशात पहिलं डावीकडे वरच्या कोपऱ्यात दिसतं, दुसरं वर मधोमध. मध्ये अख्खा कॅनडा आणि ग्रीनलँड. वाटतं, केवढं हे अंतर!

आता पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. कारण त्यांच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांचा फरक आहे, म्हणजे गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर आहेत. मग हिशेब सोपा झाला. बॅरोपासून ध्रुव पावणेएकोणीस अंश, तिथून लाँगयिअरब्येन पावणेबारा अंश, बेरीज साडेतीस. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर अंतर भरतं सुमारे ३,४०० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगानं जेट विमानाला चार तास, चढणं-उतरणं धरून साडेचार.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. एप्रिल १९२८ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स आणि कार्ल बेन आयल्सन बॅरोहून एका इंजिनाच्या विमानानं निघाले आणि सुमारे वीस तासांनी स्वालबार्डला टेकले. वादळामुळे एका निर्जन बेटावर काही दिवस अडकले, हे वेगळं.

आणि आज? या दोन गावांमध्ये नियमित थेट विमान नाही. एकाची वस्ती पाच हजारांच्या आसपास, दुसऱ्याची त्याच्या निम्मी. उतारू कुठून मिळणार? म्हणून अँकरेज, सिएटल, युरोपातलं एखादं शहर, ऑस्लो असं करत जावं लागतं. बारा हजारांवर किलोमीटर आणि थांबे धरून दोनेक दिवस. पृथ्वी होती तिथंच आहे. मग गावं लांब गेली कशी?

आपल्या वैशेषिकांनी याचा विचार केलेला आहे. परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांबपणा आणि जवळपणा, हे त्यांनी गुणांत मोजले. पण ते उपजायला अपेक्षाबुद्धी लागते असंही सांगितलं. म्हणजे कुणाच्या तुलनेनं, कुठून पाहता, हे आधी ठरावं लागतं. विमानाचे तास त्यांच्या मनात नव्हते, हे उघड आहे. तरी त्यांचा धागा आपल्याला इथे उपयोगी पडतो. किलोमीटर पृथ्वीचे आहेत. लांबपणा मात्र जाणाऱ्याला धरून ठरतो.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. लाँगयिअरब्येनच्या छोट्या इस्पितळात बाळंतपणाची सोय नाही. मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो तिथून सुमारे साडेनऊशे किलोमीटर, विमानानं पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. तरीही दिवस भरत आलेली बाई काही आठवडे आधीच गाव सोडते. कळा सुरू झाल्यावर विमान असेल का, हवा साथ देईल का, यावर कोण विसंबणार? वेळापत्रकात ते शहर पावणेदोन तासांवर आहे. तिला मात्र घर सोडून राहण्याचे ते सगळे आठवडे त्या अंतरातच धरावे लागतात.

तेव्हा ‘किती लांब?’ असं कुणी विचारलं, तर आपण आधी विचारावं, ‘कुणाला?’