फुकटच्या बातमीची किंमत

मुलांनो, देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघताना मोठी माणसं मोबाइलवर फुकट बातम्या वाचतात, हो ना? पण बातमी शोधायला पैसा लागतोच!

अमेरिकेत ‘बझफीड न्यूज’ हे इंटरनेटवरचं वृत्तपत्र होतं. चीनमधल्या बंदिछावण्या उपग्रहचित्रांवरून हुडकल्याबद्दल २०२१ मध्ये त्याला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. आणि २०२३ मध्ये ते बंद पडलं! वाचक भरपूर, पण वाचायला पैसे पडत नसत. नुसत्या जाहिरातींवर खर्च भागेना.

आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’सुद्धा १८३२ मध्ये निघालं नि १८४० मध्ये थांबलं. वर्गणीदारच थोडे! साधन बदललं, अडचण जुनीच.

तेव्हा चांगली बातमी वाचलीत की स्वतःला विचारा, ती शोधणाऱ्याचा पगार कोण देतं?